बिनमिरचीचं पान

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय श्रीरंजनी,

‘प्रिय’ लिहिलंय ते अडतीस वर्षांच्या सवयीनं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद मला खपत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझे चार फोन येऊन गेले. मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू रडली असतीस, मग मी विरघळले असते, आणि झालं, संपलं. म्हणून पत्र. आता मुकाट्यानं वाच, मध्ये तोंड घालायची सोय नाही. आठ दिवस तू मला खाऊ घातलंस आणि आठही दिवस, अगं घासाघासाला, माझ्याशी खोटं बोललीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापला कुणी, तर जिच्या ताटातलं मी उष्टं खाल्लंय तिनं.

मी कुंभकोणमला कशाला आले होते? खायला? आमच्या ऑफिसातल्या बायकांना मी तसंच सांगितलं होतं, की आता निवृत्त झाले, मैत्रिणीच्या गावाला जाते, आठ दिवस नुसती खाते. पण तुला तर माहीत होतं. मला अम्माला बघायचं होतं. तुझ्या आईला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आणखी किती दिवस वाट बघायची, असं मी तुला फोनवर म्हणाले होते. तू ‘ये’ म्हणालीस. तेवढंच म्हणालीस. मी इकडं अम्मासाठी इरकली साडी घेतली, मऊ बघून, दोनदा धुऊन आणली, म्हणजे म्हातारीला टोचायला नको.

स्टेशनावर उतरले आणि तू मला घरी न नेता आधी कॉफीलाच नेलंस. मला तेव्हा कौतुक वाटलं. ती पितळी वाटी नि पितळी पेला, वरून ओतून फेस काढलेली ती डिग्री कॉफी, अगं, पहिला घोट घेतला आणि मी बावीस वर्षांची झाले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं मला ओळखलं. जवळ आला, हात जोडले, तोंड पाडून तमिळमध्ये काहीतरी बराच वेळ बोलला. माझी तमिळ आता कॉफी-इडलीपुरती. मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, साखर बरोबर आहे का विचारतोय. मी त्याला हसून, मान डोलावून, फर्मास फर्मास म्हणाले! तो बिचारा बघतच राहिला. आता कळतंय, तो दुखवटा देत होता, आणि मी त्याला साखर बरोबर आहे म्हणून सांगत होते.

घरी आले तर अम्माची खाट नाही. बंगळूरला मावसबहिणीकडं आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाकायचं नाही, फोन धरायचा नाही, असं तू सांगितलंस. मी चिडलेच. मी येणार हे ठाऊक असताना आत्ताच कसलं ऑपरेशन? तू म्हणालीस, डॉक्टरची तारीख तीच मिळाली. दिवाणखान्यात एक नवा खिळा होता, त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. मी विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, कॅलेंडरचा आहे. पोटात एक नि ओठात एक, हे तुला कधीपासून जमायला लागलं गं? हॉस्टेलात तर तुला वॉर्डनशीसुद्धा धड खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. मी तुझे कान बघायला हवे होते. पण मी पानाकडं बघत होते.

कारण तू खाऊ घालत होतीस ना! रोज नवं. सकाळी त्या मेसमध्ये इडलीवर कडप्पा, बटाट्याचा नि मूगडाळीचा तो खोबरं घातलेला पातळ रस्सा. तांबड्या रश्श्यावर वाढलेली माझी जीभ, तरी मी तीनदा मागून घेतला. दुपारी उन्हातून आलं की गुलाबाच्या वासाचा पन्नीर सोडा. संध्याकाळी हाताला तूप लागेल असा अशोका हलवा, आणि त्यावर विड्याचं पान, कावेरीकाठच्या मळ्यातलं, कोवळं. उप्पिलीअप्पनच्या देवळात नेलंस. तिथं देवाला बिनमिठाचा नैवेद्य, तो दहीभात मी घोटभर पाण्याबरोबर गिळला आणि म्हणाले, खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात, इथं मीठच नाही तर जागायचं कशाला? तू हसली नाहीस. मला वाटलं, देवळात थट्टा केली म्हणून रागावलीस.

आणि मी रोज विचारत होते. अम्मा काय खाते आता? दात आहेत का? अजून उडदाच्या डांगराची पच्चडी करते का? डांगरावरूनच तर आमचं जुळलं. पहिल्यांदा पोंगलला तू मला मद्रासच्या हॉस्टेलातून घरी नेलंस तेव्हा मी घाबरून बसले होते, ब्राह्मणांचं सोवळ्याचं घर, भाषा कळेना, आणि पानावर डांगर आलं. मी ओरडले, हे आमच्याकडं करतात! अम्मा आतून पळत आली. ‘बैस गे, जेव गे,’ म्हणाली. मराठे राजांबरोबर गेलेली, तीनशे वर्षं तिकडं राहिलेली तुमची मराठी, माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांतल्यासारखी जुनी. मला आई नव्हती. मी सातवीत होते, शाळेत बसलेली, तेव्हाच ती गेली. ‘जेव गे’ म्हणणारं मला दहा वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. मी तिथं पानावर रडले होते, आठवतंय? तुझा धाकटा भाऊ रघुनंदन तेव्हा शाळेत होता, तो म्हणाला, तिखट लागलं वाटतं अक्काला.

पुढच्या वर्षी मला कावीळ झाली. हॉस्टेलच्या खोलीत पिवळीधमक पडले होते. माझ्या भावानं कोल्हापूरहून तार केली, शेतीची कामं आहेत, पुढच्या महिन्यात येतो. अम्मा तिसऱ्या दिवशी हजर. बसनं, एकटी, हातात पाण्याचा कूजा. मला कुंभकोणमला नेलं नि दीड महिना ठेवलं. ती कीळानेल्ली नावाची पाला-वनस्पती वाटून रोज पहाटे ताकातून, जळलं मेलं काय कडू असायचं ते, आणि वर पेज. बिनतेलाचं, बिनमिरचीचं. मी रागानं एकदा वाटी भिरकावली. तिनं भिंत पुसली, दुसरी वाटी आणली. तिसऱ्या लेकराच्या खोडी जास्तच असतात, असं शेजारणीला म्हणाली. तिसरं लेकरू. श्रीरंजनी, मी हे शब्द इतकी वर्षं गळ्यातल्या पोतीसारखे घालून फिरतेय. तुला ते कधी टोचले असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता गेल्या आठवड्याचा तो शुक्रवार. आदल्या रात्री तू म्हणालीस, उद्या घरी पूजा आहे, सोवळ्याचा स्वयंपाक, तू सकाळी तिरुविडैमरुदूरचं देऊळ बघून ये, दीड वाजता पान मांडते. आणि रघू येणार आहे चेन्नईहून, पण त्याच्याकडं अम्माचा विषय काढू नकोस, घर विकण्यावरून दोघांचं वाजलंय. किती निगुतीनं विणलंस गं! मी निघाले तेव्हा दारात कोलम नव्हती. आठवडाभर रोज सकाळी तांदळाच्या पिठाची रांगोळी, आणि त्या दिवशी दार कोरडं. मला वाटलं, दमली बिचारी, माझ्यामुळं. देवळात मी तुझ्या नावानं दिवा लावला. हो, तुझ्या. माझी सेवा करून करून थकलीस म्हणून.

दीडला आले. माणसं जेवून गेल्याची चाहूल होती. तू नऊवारीत, केस ओले, डोळे सुजलेले, चुलीच्या धुरानं म्हणालीस. रघुनंदन ओसरीवर धोतर नेसून उभा. मी त्याला तोंडभरून हाक मारली. तो म्हणाला, ‘या. तुम्ही या.’ तुम्ही! ज्याला मी सायकल शिकवली तो मला तुम्ही म्हणतो! मला वाटलं, मोठ्या नोकरीत गेलाय, शिष्ट झालाय.

आणि मग ते पान. अगं, काय सांगू तुला, मी आठ दिवसांत तसं जेवले नव्हते. मिरची नाहीच, सगळं मिऱ्याचं. कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, गवार, हळद न घातलेली मूगडाळ, आमच्याकडच्या कांडवेलीची चटणी, तिला तुम्ही पिरंडै म्हणता ना, अनारशासारखं गुळाचं गोड, वडे, पायस, तिळाचे लाडू. आमच्या मराठ्यांच्या घरात श्राद्धाचं ताट वेगळं गं, आमच्याकडं गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करतात, माझ्या बापाला मटण ठेवतात. मला काय ठाऊक, बिनमिरचीचं पान म्हणजे काय? मी आपली मोठी खवय्यी! पानाचे फोटो काढले. म्हणाले, हेच खरं जुनं जेवण, हॉटेलवाल्यांना हे कुठलं जमायला. तुला विचारलं, हे रोज का करत नाहीस? लाडू मागून घेतला. पुन्हा घेतला. वाटेत खायला बांधून दे म्हणाले. रघुनंदन माझ्याकडं असा बघत होता, जसं मी देवघरात चपला घालून उभी आहे.

संध्याकाळी म्हैसूरच्या गाडीला तू ऑटो बोलावणार होतीस. रघू म्हणाला, मी सोडतो. तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. तू म्हणालीस, मीच येते. तो म्हणाला, अक्का, तू दमलीयेस. आणि माझी बॅग उचलली. तू दारातून पळत येऊन माझा हात धरलास नि सोडेनास. मी म्हणाले, वेडाबाई, पुन्हा येईन की. असली मी मूर्ख.

फलाटावर त्यानं माझी बॅग बाकावर ठेवली. मग बोलला, समोर रुळांकडं बघत. म्हणाला, वर्ष झालं. आज तिथीला तुम्ही पानावर बसलात, ते तिला पोचलं असेल. गुरुजी म्हणत होते, घरच्यांशिवाय आज कुणाला वाढत नाहीत. अक्का म्हणाली, ती घरचीच आहे. मला ते पटलं नव्हतं, म्हणाला. अम्मा दोन महिने अंथरुणावर होती. रोज विचारायची, भवानी कधी येणार? अक्का सांगायची, फोन केला होता, तिला वेळ नाही. शेवटी शेवटी विचारायची बंद झाली. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही का नाही आलात?

मला आधी कळलंच नाही. कशाला वर्ष झालं, कसली तिथी. आणि मग एकदम सगळं कळलं. खिळा. कॉफीवाला. कोरडं दार. माझ्या पोटात अम्माच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं आणि ते मी मिटक्या मारत, फोटो काढत, वाहवा करत जेवले होते. तिच्यासाठी एक टिपूस न गाळता. तू मला रडायचा दिवस दिला नाहीस, श्रीरंजनी. आई दोनदा मरते का कुणाची? माझी मेली. आणि दुसऱ्यांदाही मी तिथं नव्हते.

गेल्या वर्षी त्याच महिन्यांत मी तुला फोन केले होते. तीनदा तर मला नक्की आठवतात. अम्माला दे म्हणाले. तू म्हणालीस, झोपलीय. झोपली होती का गं? की पलीकडच्या खोलीतून विचारत होती, कोणाचा फोन? माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. साठून राहिलेली रजा वाया जाणार होती. एक शब्द टाकला असतास तर दुसऱ्या दिवशी मी गाडीत असते, उभ्यानं आले असते.

का केलंस, ते मला कळतं. नको सांगूस, कळतं. तू लग्न केलं नाहीस, बदली मागून घेऊन तिच्याजवळ राहिलीस. तिचं हगणं-मुतणं काढलंस, कूस बदललीस, रात्री जागलीस, आणि ती नाव कुणाचं घेत होती? दीड महिना राहून गेलेल्या कोल्हापूरच्या पोरीचं. जवळच्याला कुणी हाक मारत नाही, तो जवळच असतो. पहिल्यांदा तू रागात म्हणाली असशील, वेळ नाही तिला. मग ते मागं घेता येईना. मग ती गेली. मग तर येईचना. मग तू मला बोलावलंस, सांगायला म्हणूनच बोलावलंस ना? रोज सकाळी ठरवलं असशील, आज सांगते. आणि रोज त्याऐवजी काहीतरी खायला घातलंस. मला हे सगळं दिसतं. दिसतं म्हणून राग कमी होत नाही. उलट वाढतो, कारण तुला धड शिव्याही घालता येत नाहीत.

इथं आल्यापासून मी जेवत नाही असं नाही, जेवते. पण चव घेत नाही. परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, कसा झाला प्रवास, काय काय खाल्लंत? मी सांगायला लागले, कडप्पा, हलवा, कॉफी, आणि मध्येच थांबले. फोनमधले पानाचे फोटो पुसायला गेले, तर एका फोटोत कडेला तुझा हात आलाय, वाढताना. तो पुसवेना. तसाच आहे.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. तुला दोष द्यायला नाही, तो तू स्वतःला माझ्याहून जास्त देत असणार. फलाटावर रघूनं विचारलं, का नाही आलात, तेव्हा गाडीची घंटा झाली होती. खरं माझ्या जिभेवर होतं. मला कुणी कळवलंच नाही, एवढं म्हणायचं होतं. पण त्याच्याकडं बघितलं, सकाळी आईला पिंड देऊन आलेला माणूस, आता त्याला तू सोडून कुणी नाही. आणि मी म्हणाले, रजा मिळाली नाही रे. तो ‘बरं’ म्हणाला. बॅग आत ठेवली, आणि गाडी सुटायची वाट न बघता निघून गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तुझं खोटं मी माझ्या अंगावर घेतलं, श्रीरंजनी, आणि ते मला पेलत नाही. अम्मा माझ्यावर रुसून गेली, तिला आता कुणी काही सांगू शकत नाही, तूही नाही नि मीही नाही. रघूला सांगता येतं. मी सांगणार नाही. तू सांग. पुढच्या वर्षीची तिथी मी पंचांगात बघून ठेवलीय. मी येणार आहे, तू बोलाव किंवा नको बोलावूस. पण दारात त्यानं मला तुम्ही म्हटलं, तर मी उंबरा ओलांडणार नाही.

तुझीच, अजून तरी,
भवानी